आभाळातला माग



‘माग’ हा आपल्या भाषेतला जुना आणि कष्टाचा शब्द आहे. चोराचा माग, जनावराचा माग, हरवलेल्या गुराचा माग. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळींनी ‘पगी’ लोकांविषयी ऐकले असेल. धुळीतल्या पाऊलखुणेवरून कोण गेले, केव्हा गेले, अंगावर ओझे होते की नव्हते, हे सांगणारी ही माणसे. पण मागाला जमीन लागते; धूळ लागते, चिखल लागतो. पाखराच्या बाबतीत घोडे अडते ते इथेच. ते उडाले की मागे काही उरत नाही.

म्हणून हजारो वर्षे माणसाने पाखरांविषयी अंदाज बांधले. पाकोळ्या थंडीत कुठे जातात, या प्रश्नावर युरोपातील विद्वान कित्येक शतके सांगत आले की त्या बिळात किंवा तळ्याच्या गाळात झोपतात. ॲरिस्टॉटलनेही पक्ष्यांच्या अशा निद्रेविषयी लिहिले आहे. आपल्याकडे कालिदासाने ‘मेघदूता’त रामगिरीहून निघालेल्या मेघाला मानसरोवराकडे जाणाऱ्या राजहंसांची सोबत दिली. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे पुष्कळांचे मत आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी हंस उत्तरेला जातात, एवढे त्या काळी लोकांनी पाहिलेले होते. ते पाहणे खरे होते. मात्र कोणता हंस, कोणत्या वाटेने, किती दिवसांत, वाटेत कुठे उतरून, हे सांगणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. हे सांगता येण्यासाठी माणसाला काय काय शिकावे लागले, त्याची हकीकत आज आपल्यापुढे मांडायची आहे.

भाला आणि कडे

पहिला पुरावा अपघाताने मिळाला, आणि तो क्रूर होता. १८२२ साली उत्तर जर्मनीत क्ल्यूट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आरपार घुसलेला एक लांब भाला होता, आणि त्याचे लाकूड व घडण आफ्रिकेतली होती. म्हणजे आफ्रिकेत कोणीतरी त्याच्यावर भाला फेकला, तो घेऊन हा पक्षी भूमध्य समुद्रापलीकडून घरट्याच्या गावी परत आला, आणि तिथे गोळीला बळी पडला. त्याचे पेंढा भरलेले शरीर रोस्टॉक विद्यापीठात आजही ठेवलेले आहे.

अपघाताची पद्धत करण्याचे काम डेन्मार्कच्या व्हिबोर्ग गावातील एका शाळामास्तरांनी केले. हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सेन हे त्यांचे नाव. १८९० मध्ये त्यांनी साळुंकीच्या जातीच्या युरोपीय पक्ष्यांच्या पायात जस्ताची कडी घालून पाहिली. ती जड झाली. ओझे पक्ष्याला जाचले तर त्याचे वागणेच बदलते आणि मग मिळालेल्या माहितीला अर्थ राहत नाही, हा धडा पुढच्या शंभर वर्षांत प्रत्येकाला नव्याने शिकावा लागला. १८९९ मध्ये मॉर्टेन्सेन यांनी हलक्या ॲल्युमिनियमची कडी केली, त्यांवर क्रमांक आणि गावाचे नाव कोरले, आणि १६५ पक्षी सोडले. तिथून पक्ष्यांना कडी घालण्याचे शास्त्र सुरू झाले.

हे शास्त्र हिंदुस्थानात आले तेव्हा त्याचा पहिला मुक्काम आपल्या अगदी जवळचा होता. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने बदकांना कडी घालण्याचे काम हाती घेतले, आणि त्याला पुढे येऊन हात दिला तो माळव्यातल्या धार संस्थानाने. पवारांच्या धारेत, जिथे आपल्यातील कित्येकांचे पूर्वज कारकुनी, शिक्षकी, वैद्यकी करत होते, तिथल्या तळ्यांवर पकडलेल्या रानबदकांच्या पायात सोसायटीची कडी घातली गेली. सोसायटीच्या कड्यांवर मजकूर एवढाच असे, की मुंबईच्या सोसायटीला कळवावे. त्या काळी राजेरजवाड्यांची बदकांशी ओळख बंदुकीच्या नळीतून होत असे. त्यात पकडलेले बदक मोजून, नोंदून परत सोडायचे, हा प्रकार नवाच होता.

कड्यातून पुष्कळ कळले. आपल्या तळ्यांवर हिवाळ्यात उतरणारी बदके सैबेरियातली आणि मध्य आशियातली पाहुणी आहेत, हे पुराव्याने सांगता येऊ लागले. परंतु कड्याची मर्यादा मोठी आहे. कडे बोलते ते दोनदाच: घालताना आणि सापडताना. त्यातही दुसऱ्यांदा बोलण्यासाठी तो पक्षी बहुधा मरावा लागतो, तो कोणाच्या तरी हाती लागावा लागतो, आणि त्या माणसाला पत्र पाठवायची बुद्धी व्हावी लागते. लहान पक्ष्यांच्या बाबतीत हजारांमागे एखाददुसरेच कडे परत कळते. नकाशावर दोन ठिपके मिळतात. मधली रेघ आपण पट्टीने ओढतो.

रेघ ऐकू येऊ लागते

ती रेघ मिळवायची तर पक्ष्याने वाटेत सतत काहीतरी बोलत राहायला हवे. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि रेडिओ लहान होऊ लागला. पुढे दहा वर्षांनी, १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आभाळात गेला. त्याची बीप-बीप जगभरचे लोक ऐकत होते, आणि दूरच्या, न दिसणाऱ्या वस्तूची जागा केवळ आवाजावरून कशी काढावी, याचा अभ्यास इंजिनियर करू लागले होते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील विल्यम कॉक्रन हे अशाच इंजिनियरांपैकी. त्यांनी हे कसब पाखरांकडे वळवले.

१९६२ साली कॉक्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उडत्या बदकाचा श्वासोच्छ्वास रेडिओवरून टिपल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी रेक्सफोर्ड लॉर्ड यांच्यासह त्यांनी रानातील प्राण्यांचा रेडिओने माग काढण्याची संपूर्ण पद्धत मांडली. ट्रान्समीटर कसा बांधावा, बॅटरी कोणती घ्यावी, रिसीव्हर कसा असावा, हे सगळे त्यात होते. मग १९६५ च्या वसंतात एक विलक्षण रात्र आली. आपल्या कस्तुराच्या कुळातला, तीस-पस्तीस ग्रॅमचा एक स्थलांतरी पक्षी इलिनॉयमध्ये पकडून त्याच्या पाठीवर चिमुकला ट्रान्समीटर लावला होता. अंधार पडल्यावर तो उडाला. त्याच्या आवाजामागे पक्षीशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेबर लहान विमानातून निघाले. पक्षी दिसत नव्हता; कानात फक्त टिक-टिक होती. तो उत्तरेला गेला, मिशिगन सरोवराचे काळे पाणी त्याने रात्रीत ओलांडले, आणि सुमारे आठ तासांत सहाशेहून अधिक किलोमीटर कापून विस्कॉन्सिन राज्यात पोहोचला. एका विशिष्ट जंगली पाखराची अख्ख्या रात्रीची वाट माणसाने प्रथमच त्याच्याबरोबर चालून पाहिली.

कॉक्रन यांनी पुढे विमानाऐवजी मोटार घेतली. टपावर ॲन्टेना, आत रिसीव्हर, आणि रात्रभर गाडी हाकायची. १९७३ मध्ये अशाच एका कस्तुराचा त्यांनी सात रात्रींच्या उड्डाणांत दीड हजार किलोमीटर पाठलाग केला आणि ते कॅनडात जाऊन पोहोचले. दिवसा पक्षी झाडीत विश्रांती घेई, तेव्हा हेही झोपत.

या मोटारीतूनच पुढे एक जुना प्रश्न सुटला. रात्री उडणारे पाखरू दिशा कशी ओळखते? २००४ मध्ये कॉक्रन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संध्याकाळच्या संधिप्रकाशात काही कस्तुरांभोवतीचे चुंबकीय क्षेत्र त्यांनी कृत्रिमपणे पूर्वेकडे वळवले आणि मग पक्षी सोडले. ते उत्तरेला जाण्याऐवजी पश्चिमेला भरकटले. मात्र पुढच्या रात्री त्यांतले पक्षी पुन्हा आपल्या नेहमीच्या दिशेला लागले. यावरून असा अर्थ निघाला की हे पाखरू रोज संध्याकाळी मावळतीच्या खुणेवर आपले होकायंत्र नव्याने जुळवून घेते. पिंजऱ्यातल्या पक्ष्यावरून एवढे कळले नसते. त्याला मोकळे सोडून त्याच्या मागे जावे लागले.

कानाचे शिक्षण

हे काम करायला माणूस शिकतो कसा, हे आपल्याला रंजक वाटेल. त्याचे हत्यार आपल्या ओळखीचे आहे. दूरदर्शन नवे होते तेव्हा घराच्या छपरावर आडव्या दांड्यांची ॲन्टेना असे, आणि ‘आता दिसतंय का?’ असे वरून ओरडत कोणीतरी ती फिरवत असे. तशीच, पण हातात धरायची ॲन्टेना घेऊन अभ्यासक रानात उभा राहतो आणि सावकाश फिरतो. ज्या दिशेला टिक-टिक सर्वांत मोठी, तिकडे पक्षी. ती दिशा नकाशावर रेघ म्हणून मांडायची. मग चालत दुसऱ्या जागी जायचे, तिथून दुसरी रेघ; शक्य तर तिसरी. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाखरू असते.

कागदावर हे सोपे आहे. रानात आवाज फसवतो. कड्यावर आपटून तो परत येतो आणि पक्षी उलट्या दिशेला असल्याचा भास होतो. दाट पानांत, ओल्या झाडीत तो विरतो. पक्षी जमिनीवर उतरला की आवाज एकदम क्षीण होतो, झाडाच्या शेंड्यावर बसला की दुप्पट लांबून येतो. म्हणून नवशिक्याला आधी एखादा ट्रान्समीटर झुडपात लपवून तो शोधून काढायला लावतात. पुष्कळ दिवसांच्या सरावाने त्याला आवाजाच्या चढउतारावरून कळू लागते की पक्षी चरतो आहे, बसला आहे की उडाला आहे. काही ट्रान्समीटर फार वेळ हलले नाहीत तर त्यांच्या टिक-टिकीचा वेग बदलतो. तो बदललेला ठेका ऐकू आला की पक्षी मेला, किंवा ट्रान्समीटर गळून पडला, एवढे अभ्यासकाला समजते आणि तो मुकाट्याने तिकडे चालू लागतो.

यात पक्ष्याला काय भोगावे लागते, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. सर्वसाधारण दंडक असा आहे की अंगावरचे ओझे पक्ष्याच्या वजनाच्या शंभरात तीन भागांहून, फार तर पाचांहून अधिक नसावे. साठ किलोच्या माणसाने दोन किलोची पिशवी कायम पाठीवर वागवावी, तसे हे आहे. पट्टे घट्ट बसले तर पिसे झिजतात, सैल राहिले तर पाय किंवा चोच अडकते. काही जातींमध्ये असे ओझे वाहणाऱ्या पक्ष्यांची वीण घटल्याचे आणि ते कमी जगल्याचे अभ्यासकांनीच दाखवून दिले आहे. त्यामुळे आधी प्रश्न पक्का करावा, मग पाखराला हात लावावा, अशी या विद्येची शिस्त आहे. काय विचारायचे ते ठाऊक नसताना केवळ यंत्र मिळाले म्हणून पक्ष्याच्या पाठीवर ते बांधणे, हा अपराध मानला जातो.

संशयाची सावली

आपल्या देशात ही विद्या सहज रुजली नाही, आणि त्याचे एक कारण राजकीय आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना तापाची साथ आली. त्या विषाणूचे सैबेरियातील ओम्स्क येथील तापाच्या विषाणूशी साम्य आढळले. स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून रोग आला असेल काय, अशी शंका निघाली. ती तपासण्याच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. भरतपूरचे केवलादेव हे त्याचे एक मुख्य ठिकाण होते.

पुढे या कामाला जो पैसा मिळाला त्यातील काही अमेरिकी सैन्याशी निगडित योजनेतून आला होता. सत्तरीच्या दशकात वृत्तपत्रांत आरोप झाले की पक्ष्यांच्या नावाखाली जैविक युद्धाची तयारी चालली आहे. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहकार्याने चालणाऱ्या संशोधनाची चौकशी करून १९७५ मध्ये अहवाल दिला. संशोधकांचे म्हणणे होते की आपण पक्षीशास्त्राखेरीज दुसरे काही केलेले नाही. कोणाची बाजू घ्यावी हे आज बाजूला ठेवू. पण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला परक्या पैशातून आलेल्या यंत्राविषयी धास्ती वाटली, हे समजण्यासारखे आहे. ती धास्ती केवळ आपलीही नव्हे. २०१३ मध्ये इजिप्तमध्ये पाठीवर यंत्र असलेला एक करकोचा गुप्तहेर समजून पकडून ठेवला होता. ते यंत्र हंगेरीतील पक्षी-अभ्यासकांनी लावलेले होते. त्याची सुटका झाली, पण पुढे थोड्याच दिवसांत तो कोणाच्या तरी जेवणात गेला. पाखराला सरहद्द नसते हे आपण कौतुकाने म्हणतो. त्याच्या पाठीवरच्या यंत्राला मात्र असते.

उपग्रहातून

मोटारीने समुद्र ओलांडता येत नाही. ती अडचण उपग्रहांनी दूर केली. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो. त्याच न्यायाने उपग्रह पक्ष्याच्या ट्रान्समीटरचा सूर ऐकून त्याची जागा काढू लागले. १९८९ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे बेटांवर दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी भटक्या अल्बट्रॉसला असे यंत्र लावले. अन्न शोधायच्या एकेका फेरीत हे पक्षी ३,६०० ते १५,००० किलोमीटर फिरून येतात, असे त्यातून निघाले.

मग आपल्या ओळखीच्या पाहुण्यांच्या वाटाही उजेडात आल्या. पट्टकादंब हे तिबेटच्या पठारावरून, हिमालय ओलांडून आपल्या तळ्यांवर येतात. ते एव्हरेस्टच्याही वरून जातात अशी ख्याती होती. यंत्रांनी वेगळेच दाखवले: ते बहुतेक वेळ साडेपाच हजार मीटरांच्या खाली, दऱ्याखिंडींच्या चढउतारांबरोबर वरखाली होत जातात, आणि नोंदलेली सर्वांत मोठी उंची ७,२९० मीटर होती. कौतुक त्यामुळे तिळभरही कमी होत नाही. २०२० मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दोन चातकांना यंत्रे लावली आणि त्यांची नावे ‘मेघ’ आणि ‘चातक’ ठेवली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘ओनोन’ नावाचा एक कुकू पक्षी, म्हणजे आपल्या पावशाचा जवळचा नातलग, आफ्रिकेतून निघून अरबी समुद्र ओलांडत आला आणि उतरला तो आपल्या माळव्यात, रतलामजवळच्या शेतांत. तिथे चरून तो मंगोलियाला, आपल्या विणीच्या रानात परत गेला. त्याचे नाव मंगोलियातल्या शाळकरी मुलांनी तिथल्या नदीवरून ठेवले होते.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती नागालँडची गोष्ट. अमूर ससाणा हा दीडशे ग्रॅमचा पक्षी पूर्व सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनमधून निघून दक्षिण आफ्रिकेला जातो. वाटेत नागालँडमधील दोयांग जलाशयाकाठी त्याचे लाखोंचे थवे उतरतात. २०१२ च्या हंगामात तिथे मासेमारीच्या जाळ्यांत पकडून एक लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी गावपंचांनी, चर्चने, स्वयंसेवी संस्थांनी आणि शासनाने एकत्र येऊन शिकार थांबवली. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांना पाच ग्रॅमचे ट्रान्समीटर लावले आणि त्यांची नावे ठेवली ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’. वोखा हा तिथला जिल्हा, पांगती हे तिथले गाव. आता ज्या पक्ष्याला काल बाजारात विकत होते, तो आपल्या गावाचे नाव घेऊन भारतीय द्वीपकल्पावरून, तीन हजार किलोमीटरचा अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिकेत पोहोचला, हे गावकऱ्यांना नकाशावर पाहता आले.

हा प्रयोग सगळीकडे सारखाच यशस्वी झाला असे मात्र नाही. २०१८ मध्ये मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात ‘मणिपूर’ नाव दिलेला ससाणा यंत्र लावल्यानंतर थोड्याच दिवसांत छर्ऱ्याने मारलेला सापडला. नाव दिल्याने बंदूक आपोआप खाली येत नाही. तरीही कोणाला तो कोठे आणि कसा मेला, हे कळले ते यंत्रामुळेच, आणि त्याची लाज गावाला वाटली ती नावामुळेच.

आपली तळी

आता हे सारे आपल्यापुढे का मांडावे, ते सांगतो. वाट म्हणजे नुसती दोन टोके नव्हेत. ती मधल्या मुक्कामांवर उभी असते. मधला एक मुक्काम गेला तर पुढची मजल मारण्यापुरते अन्न पाखराच्या अंगात राहत नाही. रेडिओने आपल्याला दिलेले सर्वांत मोठे ज्ञान हे आहे. आणि हे मुक्काम कोणते, ते जरा पाहा. बडोद्याजवळचे वढवाणा तळे सयाजीरावांच्या कारकिर्दीत, १९०९-१० च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधले गेले. इंदूरचे सिरपूर तळे आणि यशवंत सागर होळकरांचे. शिवपुरीचे सख्यासागर १९१८ मधले, शिंद्यांचे. यांतील प्रत्येक तळे आज रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत आहे. वढवाणा २०२१ पासून, बाकीची २०२२ पासून.

ज्यांनी ही तळी खोदवली त्यांच्या मनात ऊस होता, गहू होता, शहराचे पिण्याचे पाणी होते. सैबेरियातून येणारे बदक त्यांच्या अंदाजपत्रकात नव्हते. तरी ते आले आणि शंभर वर्षे येत राहिले. आपल्या घराण्यांचेही काहीसे असेच आहे. कोणी फडणिशी करायला आले, कोणी पलटणीबरोबर, कोणी संस्थानच्या शाळेत शिकवायला. मूळ गाव कोकणातले की देशावरचे, हे आता देवघरातल्या टाकांवरून सांगावे लागते. मूळ गाव कोणते, हा प्रश्न आपल्याला सतत विचारला जातो. बदकाला तो विचारला तर त्याची अंडी तिकडे आणि हिवाळा इकडे. दोन्हीकडचे पाणी राहिले तरच ते राहते.

तेव्हा एवढीच विनंती. येत्या हिवाळ्यात आपल्या गावच्या तळ्यावर एकदा जाऊन यावे. मुलानातवंडांना बरोबर न्यावे. काठावर भराव पडत असेल, सांडपाणी सोडले जात असेल, तर पालिकेकडे लेखी तक्रार द्यावी, आणि एकट्याने न देता मंडळाच्या नावाने द्यावी. एखाद्या मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडे किंवा पाठीवर तारेची शेपटी असलेली डबी सापडली, तर ती मुलांच्या खेळण्यात जाऊ देऊ नये. त्यावरचा क्रमांक, जागा आणि तारीख लिहून काढावी आणि वनखात्याला किंवा मुंबईच्या सोसायटीला कळवावे. ज्या कोणी ते यंत्र लावले तो माणूस कुठेतरी, कदाचित परक्या देशात, थांबलेल्या आवाजाचे कारण शोधत बसलेला असतो. धारेच्या तळ्यावर सोडलेल्या बदकांच्या कड्यांनी शंभर वर्षांपूर्वी हीच मागणी केली होती, आणि ती वाचणाऱ्या अनोळखी माणसांनी पत्रे पाठवली म्हणून या इतिहासाचे पहिले पान लिहिता आले.